बोका कुणाला भितो

"हा घरात कुणाला भितो?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रश्न बोक्याबद्दल होता. बोका मालतीच्या जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, टेबलावर पडला होता. त्याच्या पोटाखालून घातलेली बारीक नळी नुकतीच काढली होती आणि खालच्या तसराळ्यात तांबूस पाणी जमलं होतं. दवाखाना खरं तर गायी-म्हशींचा. बारामतीत मांजर घेऊन डॉक्टरकडे येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघा शेतकऱ्यांनी रमाकांत-मालतीकडे, ही माणसं पोपटाला चष्मा लावायला आली आहेत अशा नजरेनं बघितलं होतं. भिंतीवर गायीच्या चार जठरांचा रंगीत तक्ता होता. डॉक्टरांचा प्रश्न आला तशी मालती त्या तक्त्याकडे बघायला लागली. रमाकांतनं मालतीकडे बघितलं आणि मग त्यानंही तक्त्याकडे बघितलं. इतकं मन लावून बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"कुणालाच नाही," रमाकांत म्हणाला. "आमच्याकडे मोकळं वातावरण असतं."

डॉक्टर तिशीतली मुलगी होती. तिनं हातमोजे काढून बादलीत टाकले. "याला खडा वगैरे काही नाही सर. बोक्यांना हे ताणानं होतं. धास्ती बसली की लघवी धरून ठेवतात, आणि मग ती अडते. आज निघाली. परत अडली तर निघेलच असं नाही."

"नाही निघाली तर?" मालतीनं विचारलं.

"दोन दिवसांत जातो बोका. घरात त्याला कशाची तरी नाहीतर कुणाची तरी भीती आहे. ती शोधा आणि काढा. तो घरात मोकळा कधी फिरतो?"

मालती तक्त्यालाच म्हणाली, "दहा ते सहा."

दहा ते सहा ही रमाकांतची कॉलेजची वेळ होती. तो राज्यशास्त्राचा प्राध्यापक आणि सात वर्षांपासून उपप्राचार्य होता, आणि एकतीस जानेवारीला, म्हणजे बरोबर तीन आठवड्यांनी, निवृत्त होणार होता. त्यानंतर तो दहा ते सहाही घरीच असणार होता. हे साधं गणित नवरा-बायको दोघांनाही आणि कदाचित टेबलावरच्या तिसऱ्यालाही एकदमच सुटलं असावं. बाहेर एक गाय हंबरली.

रिक्षात बोका भाजीच्या जाळीच्या टोपलीत होता, वर मालतीची ओढणी बांधलेली. तो जाळीतून एकटक मालतीच्या तोंडाकडे बघत होता. रमाकांत त्याच्यापासून एका वितीवर होता, पण त्याच्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. रमाकांतला राग आला. राग बोक्याचा आला, डॉक्टरांचा आला, आणि त्या 'दहा ते सहा'चा तर फारच आला. इतकं नेमकं उत्तर, तेही तत्काळ, याचा अर्थ ते आधीपासून तयार होतं. "मी कधी हात उगारलाय त्याच्यावर?" त्यानं विचारलं. "नाही हो," मालती म्हणाली. "आवाज तरी चढवलाय?" "नाही." "मग?" "होईल सवय त्याला," मालती म्हणाली आणि ओढणीची गाठ उगीचच परत बांधली. रमाकांतला वाटलं, हे वाक्य आपण आधीही ऐकलं आहे. लग्न झालं त्या वर्षी मालतीच्या आईनं तिला निरोप देताना ते म्हटलं होतं. पण तिथं सर्वनाम वेगळं होतं.

बोका आला तो दिवाळीच्या आधी. मालती खरवसासाठी चीक आणायला पिंपळीला बनाबाईकडे गेली होती. बनाबाईच्या ओसरीवर दुधाचं संकलन चालायचं आणि हा बोका तिथं, कुणाचाच नसलेला, मिळेल ते खाऊन वाढला होता. रस्ता रुंद करायचं काम निघालं, डंपर धावायला लागले, त्यांत त्याची दोन भावंडं गेली. म्हणून बनाबाईनं हा उरलेला उचलून मालतीच्या कापडी पिशवीत घातला. मालतीनं तिथूनच फोन केला होता, "आणू का?" आणि रमाकांत म्हणाला होता, "आण की. मी कधी कशाला नाही म्हटलंय?" ते खरंच होतं. रमाकांत कधीच कशाला नाही म्हणत नसे. आठ वर्षांपूर्वी मालतीनं गाण्याचा क्लास लावला, तेव्हाही तो "जा की" म्हणाला होता. त्यानंतर एकोणीस दिवस तो घरात बोलला नव्हता, पण तो कामात होता, डोक्यात कॉलेजच्या नॅक तपासणीचं काही चाललं होतं, आणि माणूस बोललाच पाहिजे असा काही कायदा नाही. जेवण झालं की तो ताट तीन इंच पुढं सरकवायचा, एवढंच. विसाव्या दिवशी मालतीनं क्लास सोडला. तिनं तो आपणहून सोडला, हे रमाकांत पाहुण्यांना आवर्जून सांगत असे. तिला सातत्य नाही, असंही सांगत असे.

वैदेहीनं, म्हणजे त्याच्या मुलीनं, पुण्याहून फोनवर उपाय सांगितले. वैदेहीला हल्ली सगळ्यावर उपाय माहीत असत. "बाबा, त्याच्याकडे रोखून बघू नका. बसून राहा आणि सावकाश पापण्या मिटा, सावकाश उघडा. माझ्यापासून तुला धोका नाही, असा त्याचा अर्थ होतो मांजरांत." एकतीस वर्षं 'निर्भय नागरिक हे लोकशाहीचं पहिलं लक्षण' हे वाक्य वर्गात लिहून देणारा माणूस मग रोज संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजीवर बसून दिवाणाखालच्या अंधाराकडे बघत पापण्या मिटायला-उघडायला लागला. तिसऱ्या दिवशी मालतीनं डोळ्यांत घालायचे थेंब आणून ठेवले. चष्म्याला भीत असेल म्हणून त्यानं चष्मा काढून बघितला आणि दिसेना म्हणून टीपॉयला धडकला. बुटांना भीत असेल म्हणून बूट फाटकापाशी काढून मोज्यांवर घरात आला. जन्मात कधी मासे न खाल्लेल्या त्या माणसानं आठवडी बाजारातून सुकट आणली, नाकाला रुमाल बांधला आणि ती तळहातावर घेऊन पालथा पडला. दिवाणाखालून दोन हिरवे दिवे लागले. ते त्याच्यावरून, त्याच्या हातावरच्या सुकटीवरून, पार मागं स्वयंपाकघराच्या दाराकडे गेले. तिथं मालती चहाचा कप घेऊन उभी होती. "घाला, घाला तुम्ही. मी जाते आत," ती म्हणाली आणि गेली. हिरवे दिवे विझले. हा आपल्याकडे बघतसुद्धा नाही, हे रमाकांतला फार लागलं. भ्यायचं तर निदान बघून भ्या. एखाद्या विद्यार्थ्यानं वर्गात असं केलं असतं तर त्यानं त्याला काहीही म्हटलं नसतं, फक्त पुढचे पंधरा दिवस त्याच्याकडे बघितलं नसतं.

आणि रोज संध्याकाळी सहा वाजता तेच. रमाकांत फाटक उघडायचा, स्कूटर आत घ्यायचा, पायरीवर यायचा, खाकरायचा, आणि आतून फरशीवर नखं घसरल्याचा आवाज यायचा. बाकी सगळं जागच्या जागी असायचं. मालती ओट्यापाशी, टीव्ही बंद, चहाचं आधण ठेवलेलं. घर इतकं व्यवस्थित कुणाचं नसेल.

दुसऱ्या आठवड्यात त्याच्या रागाला एक आकार आला. बोक्याला कुणीतरी मारलेलं असणार. कुणीतरी म्हणजे चष्मेवाला, उंच, केस मागं फिरवणारा, पंचावन्नच्या पुढचा माणूस, ज्याच्यासारखा रमाकांत दिसत असणार. काठीनं मारलेलं असेल. दुधात तोंड घातलं म्हणून चपलेनं मारलं असेल. या माणसाची कल्पना आल्यापासून रमाकांतला बरं वाटायला लागलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो त्या माणसाशी भांडायचा आणि भांडणात नेहमी जिंकायचा. दुबळ्या जिवावर हात उचलताना लाज वाटली नाही? आता तुझ्या पापाची फळं आम्ही भोगायची? रविवारी सकाळी नाष्टा झाल्यावर तो मालतीला "जरा जाऊन येतो" एवढंच म्हणाला आणि त्या माणसाला जाब विचारायला स्कूटरवरून पिंपळीला गेला.

बनाबाई ओसरीवर दुधाच्या किटल्या पालथ्या घालत होती. तिची नात छकुली खांबाला टेकून गृहपाठ करत होती. "या सर, या. मालतीताई न्हाय आल्या? छकुले, पानी आन सरांना."

"बनाबाई, एक विचारायचंय. खरं सांगा. त्याला इथं कोण मारायचं?"

"कुनाला?"

"बोक्याला."

"चेअरमनला?" बनाबाईच्या हातातली किटली तशीच राहिली. "आवो चेअरमनला कोन मारतंय! फॅट काडायच्या मशिनीव बसून आसायचा ह्यो. गावाचं दूध त्याच्या म्होरनं जायाचं, आन ह्यो डोळं झाकून, मान हालवून पास करायचा. म्हनून तर चेअरमन म्हनायचं त्याला. ट्रॅक्टर आला तरी उटत नव्हता. ट्रॅक्टर वळसा घालून जायाचा." ती हसली. "तरी बरं, मी उचलला तवा गपचीप पिशवीत बसला. खरा चेअरमन आसता तर खुर्चीवरनं उटवला म्हनून कोर्टात गेला आसता."

छकुली पाण्याचा तांब्या ठेवून खुदकन हसली. रमाकांत हसला नाही. "कुणीतरी असेलच. चष्मेवाला, उंचसा."

"चष्मेवाला हितं येकच येतो. बँकेचा. तो कुत्र्याला भितो."

"मग तुमचे मालक, सावळारामराव? ते चिडतात का जनावरांवर?"

बनाबाई उत्तर द्यायच्या आत गोठ्यापलीकडून एक आवाज आला. आधी घरघर, मग दोन मोठे धक्के, मग एक लांबलचक खाकरा. थंडीत जुना ट्रॅक्टर चालू व्हावा तसा. रमाकांतची पाठ आपोआप ताठ झाली. त्यानं आजूबाजूला बघितलं. बनाबाईनं पदर सावरला नाही. छकुलीनं वहीतून मान वर काढली नाही. किटल्यांपाशी दोन मांजरं सांडलेला फेस चाटत होती, ती चाटतच राहिली. "आलं बगा आमचं इंजान," बनाबाई म्हणाली.

"इंजान म्हनं," सावळाराम आत येत म्हणाला. "धूर तर तूच सोडतीस चुलीत."

"आबा, खोकून झालं आसंल तर पाय धुवा. म्या आत्ता झाडलंय," छकुली म्हणाली.

"धुतो, बाय, धुतो. हितं माझी काय किंमत हाय बगताय ना सर?"

रमाकांतला आधी वाटलं, काय ही बेशिस्त. घरचा कर्ता माणूस आला आणि कुणी उठलं नाही. हे त्याला इतकं झटकन आणि इतकं आतून वाटलं की तो स्वतःच दचकला, जसा कुणी अनोळखी माणूस आपल्याच खिशातून बोलावा. सावळारामनं पाय धुतले, तंबाखू काढली. "आमच्या चेअरमनची तब्येत काय म्हनती?"

"भितो," रमाकांत म्हणाला.

"भितो? ह्यो? कुनाला?"

या ओसरीवर तक्ता नव्हता. समोर नुसती मातीची भिंत होती आणि तिच्यावर शेणी थापल्याचे पाच-पाच बोटांचे ठसे. "मला," रमाकांत म्हणाला.

सावळाराम हातातली तंबाखू सांडेपर्यंत हसला. "तुमाला? आवो सर, तुमाला कोन भिनार? तुमच्या आंगात काय हाय का? फुकलं तर उडून जाताल!" आणि बनाबाई हसली, छकुली हसली, रमाकांतलाही तोंड पसरावं लागलं. हसता हसता बनाबाई म्हणाली, "आसं आसतंय सर. आमच्या म्हशीला सुयावाला डॉक्टर दिसला की ती थराथरा कापती. आन तिचं रेडकू तिच्या तोंडाकडं बगतं आन दावं तोडून पळतं. त्या रेडकाला जल्मात सुई टोचलेली न्हाय. डॉक्टर कसला ते बी त्येला ठावं न्हाय. त्येला आईचं तोंड ठावं हाय."

"ते रेडकू आहे," रमाकांत म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा कोरडा आला. "हे मांजर आहे."

"व्हय की," बनाबाई म्हणाली. "मांजर लई हुश्शार."

तो चहाला थांबला नाही. डांबरी रस्त्यावर आल्यावर स्कूटर डावीकडे बारामतीला वळायला हवी होती, ती उजवीकडे वळली. रमाकांतला त्या क्षणी बनाबाईचा, तिच्या म्हशीचा, हसणाऱ्या त्या पोरीचा इतका राग आला होता की कुठल्या दिशेला जातोय हे त्यानं ठरवलंच नाही. जो माणूस मारणारा म्हणून त्यानं इतके दिवस घडवला होता, तो पिंपळीत नव्हताच. तो नसल्यामुळे भांडायला कुणी उरलं नव्हतं आणि भांडण मात्र शिल्लक होतं. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्यावर कर्ण्यातून गाणं. रमाकांत त्याच्या मागं मागं, उसाची पाचट तोंडावर घेत, भवानीनगरपर्यंत गेला. तिथल्या साखर कारखान्याचं गळीत जोरात होतं. मळीचा तो आंबूस, गोडसर, घशात बसणारा वास आला आणि त्यानं स्कूटर थांबवली. हा वास त्याला सगळ्या जगात एकाच जागी घेऊन जात असे: कारखान्याच्या कॉलनीतल्या शेवटून तिसऱ्या क्वार्टरमधल्या लोखंडी खाटेखाली.

अण्णा, म्हणजे त्याचे वडील, कारखान्यात टाइम ऑफिसला होते. भोंगा झाला की हजार माणसं फाटकातून आत-बाहेर करत आणि अण्णा प्रत्येकाच्या तोंडाकडे न बघता त्याची वेळ टिपत. सहाच्या भोंग्यानंतर वीस मिनिटांनी ते क्वार्टरच्या कुडाच्या फाटकापाशी येत आणि खाकरत. ते खाकरणं अण्णांनी शोधलेलं नव्हतं. अण्णांचे वडील गावाकडच्या घरात पाऊल टाकण्याआधी उंबऱ्याबाहेर खाकरायचे, म्हणजे आतल्या सुनांना पदर घ्यायला, उठून उभं राहायला सवड मिळावी. ती रीत होती. भल्या माणसानं आपल्या घरात चोरासारखं शिरू नये. अण्णांनी ती रीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आणली, जिथं सुना नव्हत्या. तिथं आई होती, वीणकाम करत गुणगुणणारी, आणि रेडिओ, आणि रमाकांत. खाकरा आला की रेडिओ बंद, गुणगुणणं बंद, आणि रमाकांत खाटेखाली दोन ट्रंकांच्या मधल्या जागेत. डांबराच्या गोळ्यांचा वास. वर सुंभाची वीण, तिच्या चौकोनांतून उजेडाचे तुकडे. भिंतीकडे जरा सरकलं की तिथून आईचं तोंड दिसायचं. अण्णांकडे बघायची गरजच नसे. आईच्या भुवया बघितल्या की अण्णांचा दिवस कसा गेलाय, आज बाहेर यायचं की नाही, सगळं कळायचं. अण्णांनी कधी कुणाला मारलं नाही. बोटसुद्धा लावलं नाही, हे रमाकांतनं अण्णांच्या दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला अभिमानानं सांगितलं होतं. मग सगळे भीत कशाला होते, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्यांनी मिळून भिंतीवरचं काहीतरी बघितलं असतं.

शेवटून तिसऱ्या क्वार्टरपुढं आता पत्र्याची शेड होती. चिमणीची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होती, आणि एक बाई त्या कपड्यांशी आणि कारखान्याशी एकदमच भांडत ते ओढून घेत होती. "कोन पायजे?" तिनं विचारलं. "कुणी नाही," रमाकांत म्हणाला. काजळीचा एक कण त्याच्या बाहीवर बसला. त्यानं तो पुसला, तसा त्याचा लांब काळा फराटा झाला. आता अण्णांना कुठं गाठायचं? त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती, आणि जिवंत असते तरी ते म्हणाले असते, मी कधी हात उगारलाय? त्यांना ते म्हणायला रमाकांतचाच आवाज मिळाला असता.

दुपारभर कॉलनीत उगीच फिरून तो बारामतीला परत आला तेव्हा पाच वाजून गेले होते. इतक्या उशिरा येईन असं त्यानं सांगितलं नव्हतं, फोनही केला नव्हता. फाटक लावून तो पायरीवर आला आणि तेवढ्यात घशात काहीतरी वर चढलं. आजवर त्याला वाटायचं, आपण खाकरतो. आज त्यानं पहिल्यांदा बघितलं की तो काहीच करत नव्हता. पायरी आली की घसा आपलं आपण करत होता. त्यानं ते गिळलं. डोळ्यांत पाणी आलं. त्यानं किल्ली आवाज न करता फिरवली.

मालती दिवाणावर आडवी पडली होती, पाय भिंतीला लावून, उलटे वर. साडी पोटऱ्यांपर्यंत घसरलेली. टीव्ही मोठ्यानं चालू होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. तिच्या पोटावर बोका होता, चारी पाय सोडून, सांडल्यासारखा. फोन उशीवर, स्पीकरवर, आणि त्यातून वैदेहीचं हसणं येत होतं. "आई, परत कर, परत कर!" मालतीनं हनुवटी गळ्यात खुपसली आणि खाकरली. हुबेहूब. आधी छोटं, मग मोठं, मग शेवटी तो एक अपमान झाल्यासारखा हुंकार. "मालतीऽ, माझा पेन कुणी हलवलाऽ?" ती नवऱ्याच्या आवाजात म्हणाली, आणि वैदेही पुण्यात किंचाळली. मालती इतकी हसली की तिच्या पोटावर बोका वर-खाली झाला. तो दचकला नाही. खाकरा त्याच्या कानापासून चार बोटांवर झाला होता, आणि त्यानं फक्त पंजा लांबवून मालतीच्या नाकावर ठेवला. रमाकांतनं तिला असं हसताना याआधी कधी बघितलं होतं, हे त्याला आठवेना. मागचा दात सोन्याचा आहे हे त्याला माहीत नव्हतं. दात तिनं कधी बसवला, हेही माहीत नव्हतं.

मग मालतीनं मान वळवली.

तिच्या चेहऱ्याचं काय झालं ते बोक्यानंही बघितलं आणि रमाकांतनंही. दोघं एकाच वेळी बघत होते. हसणं गेलं, पण नुसतं गेलं नाही. कुणीतरी आतून एकेक खोलीतला दिवा घालवत जावं तसं गेलं. पाय भिंतीवरून उतरले. साडी खाली आली. एक हात फोनवर, एक रिमोटवर. हे सगळं एका श्वासात, जराही न चुकता, सत्तावीस वर्षांच्या सरावानं. बोका आधी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिच्या भुवयांकडे. नंतर त्यानं रमाकांतकडे बघितलं, एखाद्या सूचनेखालची सही वाचावी तसं. आणि फरशीवर नखं घसरली.

"आलात?" मालती म्हणाली. "कळलंच नाही."

"खाकरलो नाही."

"अहो, मग... जेवलात का? पिंपळीला काय म्हणाली बनाबाई?"

"तिथं तो कुणाला भीत नव्हता."

"हो का?" मालती म्हणाली आणि उशीचा अभ्रा सरळ करायला लागली.

रमाकांतच्या अंगात राग असा उसळला की त्याला खुर्चीची पाठ धरावी लागली. त्याला हिला विचारायचं होतं, मी काय केलंय तुला? एकदा तरी हात? एकदा तरी शब्द? लोकांच्या बायका काय काय सोसतात आणि तू कशाला भितेस, ताट तीन इंच सरकलं त्याला? हे सगळं विचारायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला दिसलं की मालती त्याच्याकडे बघत नाही. ती त्याच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते आहे. जानेवारीचं पान. एकतीस तारखेवर त्यानंच लाल पेनानं गोल केला होता.

"तू भितेस मला?" तो म्हणाला.

"काहीतरीच काय. चहा टाकू?"

"इथून पुढं मी खाकरणार नाही," रमाकांत म्हणाला. आयुष्यात इतकी मोठी गोष्ट त्यानं कुणाला दिली नव्हती. "तोच घोळ आहे सगळा. आजपासून बंद. सरळ आत येत जाईन."

मालतीचा हात अभ्र्यावर थांबला. तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यानं दिवाणाखाली रोज बघितलेलं होतं.

"नका हो असं करू," ती म्हणाली. "खाकरत जा. आलात ते कळतं तरी."

एकतीस तारखेला कॉलेजनं शाल, श्रीफळ आणि एक घड्याळ दिलं. प्राचार्य म्हणाले, सरांच्या कारकिर्दीत कुणालाही कधी भीती म्हणून वाटली नाही. पहिल्या रांगेत मालती होती. ती स्टेजवरच्या बॅनरवरची अक्षरं वाचत होती.

एक फेब्रुवारीला रमाकांत पावणेदहाला डबा घेऊन बाहेर पडला. मालती काही बोलली नाही, डबा मात्र तिनं रोजच्या वेळेला भरून ठेवला होता. तेव्हापासून तो रोज जातो. सार्वजनिक वाचनालय दहाला उघडतं, दुपारी बंद होतं, तेव्हा तो एसटी स्टँडवर इंदापूरच्या फलाटापाशी बाकावर डबा खातो. ओळखीचे लोक विचारतात, सर, कुठं लागलात का? तो म्हणतो, हो, तासिका तत्त्वावर. त्याला लोकांचा राग येतो, बाकाचा राग येतो, डब्यातल्या भाजीला मीठ बरोबर असतं त्याचाही येतो. आपल्या घरातून आपल्याला एका बोक्यानं बाहेर काढलं, असं तो स्वतःला सांगतो, कारण ते सांगायला सोपं आहे. बोका बरा आहे. डॉक्टर म्हणाल्या, काय केलंत? लघवी अगदी मोकळी होतेय आता. मालती तक्त्याकडे न बघता "काही नाही" म्हणाली.

संध्याकाळी सहाला तो फाटकापाशी येतो. पायरीपर्यंत जात नाही. फाटकापाशीच खाकरतो, जरा मोठ्यानं, आणि स्कूटर स्टँडवर लावून तिच्यावर बसून राहतो. आतून टीव्ही बंद झाल्याचं ऐकू येतं. मग फोनवरचं बोलणं आटोपतं. मग बाथरूमच्या दाराआड बोक्यासाठी ठेवलेल्या वाळूत उकरल्याचा खरखर आवाज. दहा मिनिटं, कधी बारा. कुणाला आवरायचं ते आवरू दे, कुणाला मोकळं व्हायचं ते होऊ दे. त्यानंतर तो आत जातो, आणि सगळं जागच्या जागी असतं.

परवा तो आला, खाकरला आणि बसला. टीव्ही बंद झाला नाही.

आत कुठलंसं गाणं चालू होतं आणि त्याच्याबरोबर मालतीचा आवाज, बेसूर, आठ वर्षं न वापरलेला, चढत होता. रमाकांत वाट बघत राहिला. ऐकू गेलं नसेल? गेलं असेल आणि तरीही? पोटातून तो जुना, ओळखीचा राग उठला, इतक्या सवयीनं की तो उभा कधी राहिला हेही त्याला कळलं नाही. दोन पावलं पायरीकडे पडली. हनुवटी गळ्यात गेली, छाती भरली, आधीचा छोटा खाकरा घशात तयार झाला.

त्यानं तो गिळला. तो घसा जाळत खाली गेला. तो मागं वळला आणि परत स्कूटरवर जाऊन बसला.